गाळ कुठपर्यंत आलाय?

"गाळ कुठपर्यंत आलाय?" दुकानदाराने विचारलं.

बारक्याने तोच प्रश्न फोनमध्ये ढकलला आणि उत्तर बाहेर काढलं. "निम्म्या चाकापर्यंत."

"मग सोपं आहे. चाकापर्यंत असेल तर गाडीचं जेवढं वजन, तेवढी ओढ पुरते." दुकानदाराने फळीवरचा एक लहानसा विंच उचलून काउंटरवर ठेवला. "बटण दाबलं की दोर गुंडाळायला लागतो. दोर गुंडाळला की गाडी येते."

बारक्याला तो आवडला. पण आवडणं-निवडणं हे खातं त्याच्याकडे कधीच नव्हतं, ते दादाकडे होतं. बारक्याची चाळिशी उलटली होती, तरी त्याच्या चष्म्याची फ्रेम दादा ठरवायचा आणि ती डोळ्यांवर चढवून बारक्या पहिल्यांदा दादाचाच चेहरा बघायचा. आज दादा स्वतः चार जाड चाकांच्या नव्याकोऱ्या एटीव्हीसकट दुकानामागच्या दलदलीत रुतला होता. खातेबदल मात्र झालेला नव्हता.

"दोर स्टीलचा आहे की नायलॉनचा?" स्पीकरवर दादाचा आवाज आला.

"स्टीलचा, दादा."

"स्टील गंजतं. नायलॉनचा बघ. आणि पहिला दाखवलेला घ्यायचा नाही, कितीदा सांगितलंय तुला. न खपलेला माल आधी काढतात हे लोक."

दुकानदाराने चेहऱ्यावरची रेघही न हलवता तो विंच परत फळीवर ठेवला.

मागच्या खिडकीतून एरवी सगळी दलदल दिसायची. आज धुकं काचेला टेकलं होतं. त्या पांढऱ्यात कुठेतरी सीटवर बसून दादा खरेदी करत होता.

"ते उतरून चालत का येत नाहीत?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"गाडी आहे म्हणून मी वर आहे," फोनमधून परस्पर उत्तर आलं. "मघाशी एक पाय खाली ठेवून पाहिला. बूट तिकडेच राहिला."

"दादा, अग्निशमनवाल्यांना फोन करू का?"

"खबरदार. गाडी घेताना सगळ्या शोरूमसमोर सांगितलंय मी, ज्याला चालवता येत नाही त्याला विंच लागतो म्हणून. तिथला सेल्समन आता अग्निशमनात लागलाय."

नायलॉनच्या दोराचा विंच आला. हा दोर तुटला तरी स्टीलसारखा फटकन अंगावर येत नाही, असं दुकानदाराने सांगितलं, ते बारक्याने पुढे सांगितलं.

"पाण्यात चालतो?"

"चालतो म्हणे. मोटर सीलबंद आहे."

"कोण म्हणतं?"

"दुकानदार."

"तो म्हणणारच. दुसऱ्या कोणाला तरी विचार."

बारक्याने दुकानभर नजर फिरवली. दुसरं कोणी म्हणजे भिंतीवर एक कॅलेंडर होतं.

"गाळ कुठपर्यंत आलाय?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

फोनमधून आधी ओलसर पचपच ऐकू आली, मग दादा. "मडगार्ड."

दुकानदाराने दुसराही विंच उचलून बाजूला ठेवला. "मडगार्ड म्हणजे दुप्पट लागणार. आधी गाळ नुसता धरतो, मग ओढायला लागतो." आतून त्याने तिसरा आणला. तो काउंटरवर चढवायला बारक्यानेही हात लावला.

"एवढा जड कशाला?" दादा म्हणाला. "गाडीचं नाक खाली जाईल."

"दादा, नाक खालीच गेलंय ना."

"तू नको शिकवू मला."

"आता हा गाडीला बसवता येणार नाही," दुकानदार फोनच्या जवळ वाकून म्हणाला. "काठावरच्या झाडाला बांधू. बॅटरी मी देतो. दोराचं टोक तुमच्याकडे फेकतो, तुम्ही गाडीला अडकवा."

"कुठलं झाड?"

"ते जाड आहे ना, वाकलेलं."

"ते पोकळ आहे. त्याच्या डावीकडचं घ्या. आणि वॉरंटी?"

"पाच वर्षं."

दादाने विचार केला. विचार करताना त्याच्या खालून काहीतरी घोट घेतल्यासारखा आवाज आला. "बारक्या, सहा वर्षांची कोणी देतं का, बाहेर विचारून ये."

बारक्या खरोखरच दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर त्याला दुकानदाराचा आवाज ऐकू आला. "साहेब, गाळ?"

"सीट," दादा म्हणाला.

दुकानदाराने यावेळी हातात काही आणलं नाही. मागच्या खोलीतून त्याने एक ट्रॉली ढकलत आणली. तिच्यावरचा विंच ट्रक ओढायचा होता. ट्रॉलीची चाकं फरशीवर कुरकुरत आली आणि थांबली.

"सीटपर्यंत म्हणजे तिप्पट. याच्यापुढचं मी काही ठेवत नाही," तो म्हणाला. "याच्यापुढे कोणी घ्यायला येत नाही."

बारक्याने फोन दोन्ही हातांत धरला. "दादा, चौथा आहे. पहिला दाखवलेला नाही. नायलॉनचाच दोर आहे. वजनाने जड आहे, पण आता जडच लागणार. वॉरंटीचं नंतर भांडू आपण. चालेल ना? दादा? तू हो म्हण, मी लगेच निघतो."

पलीकडे बुडबुडे फुटत होते. एक फुटायचा, मग थोडं थांबून दुसरा. मग दादाचा आवाज आला, लहान मुलाशी बोलावं तसा मऊ.

"तुला आवडेल तो घे, बाळा."

दुकानदाराचा हात ट्रॉलीवरच राहिला. "हे असं कधी म्हणतात का ते?"

बारक्या खिडकीकडे बघत होता. धुकं होतं तिथेच होतं.

"माझ्यासाठी मुलगी बघतानासुद्धा नव्हता म्हणाला."