फिटनेसचा दाखला

वीस वर्षं खाडीत होडी वल्हवून करावे गावच्या वामनची कंबर कामातून गेली. बेलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून बजावलं, "यापुढे वल्हं हातात घेतलंस तर अंथरुणाला खिळशील. बसून करायचं काम बघ."

वामनने खूप खटपट केली. तोवर कळ सोसत होडीवर जातच राहिला. शेवटी ब्याऐंशी साली एका नव्या कारखान्यात त्याची वॉचमनची नोकरी ठरली. बायकोने, काशीने, होडीला गिऱ्हाईकही पाहिलं. फक्त मेडिकल बाकी होतं आणि कारखान्याचे डॉक्टर बेलापूरचे तेच निघाले.

"डॉक्टर, तुमीच बोलले होते ना, बसून काम कर म्हनून? हे खुर्चीवर बसायचंच काम हाय."

डॉक्टरांनी मेडिकलचा कागद पुढे ओढला. "कंबर खराब असलेला माणूस घ्यायचा नाही, असा कंपनीचा नियम आहे, वामन," ते म्हणाले आणि 'अनफिट' लिहून त्यांनी खाली सही केली.

वामन दारापर्यंत गेला, तेव्हा त्यांनी त्याला परत बोलावून स्टुलावर बसवलं.

 

"वल्हं ओढताना कमरेत वाकू नकोस," ते हळूच म्हणाले, "पायांनी रेटा दे."