ओव्याची पुरचुंडी

सन १९९१. जानेवारीतला शनिवार. चौथा दिवस उजाडला तरी बंटीचं नाक उघडलं नव्हतं, आणि भीमाबाईची पत्र्याची ट्रंक भरून दाराशी येऊन बसली होती.

बंटी दीड वर्षाचा. वाटी ओठाला लावली की दोन घोट घ्यायचा, श्वास कोंडला की वाटी ढकलून भोकाड पसरायचा. डाव्या नाकपुडीतून थोडी हवा यायची, उजवी तर भिंत घातल्यासारखी बंद. डॉक्टरांनी थेंब दिले होते. वाफ द्या म्हणाले होते. त्याची आई पंचशीला बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली भरायची आणि पोराला कडेवर घेऊन वाफेत उभी राहायची. नवल असं की, जितकी वाफ द्यावी तितकं नाक जास्तच बुजायचं.

भीमाबाईचं म्हणणं एकच. ओवा तव्यावर भाजा, फडक्यात बांधा, लेकराला हुंगवा. परभणीकडच्या गावात तिनं आपली सहा पोरं याच ओव्यावर वाढवली होती. पण सून पडली महाडची, शिकलेली, टेलिफोन खात्यात नोकरीला. डॉक्टर धूर नको म्हणाले म्हणजे नको. एरवी दोघींचं बरं चालायचं. पंचशीलाला वालाचं बिरडं जीव की प्राण. दर मंगळवारी वाल भिजायचे. भीमाबाईला त्याची कडवट चव सोसायची नाही, तरी निवडून द्यायची तीच. या ओव्यापायी मात्र शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी भीमाबाईनं जाहीर केलं, जिथं आपल्या हाताचा भरवसा नाही तिथं आपण राहायचं नाही. उद्याच्या गाडीनं गाव गाठायचं.

तिला भाईंदरला आणलं होतं ते मुळी बंटीला सांभाळायलाच. पंचशीलाची रजा रविवारी संपत होती. सासू गेली की नोकरी गेली, हे दोघींनाही कळत होतं. भीमाबाईचा मुलगा रवी मध्ये पडत नव्हता. दोघी बोलू लागल्या की तो तोंडापुढे पेपर धरायचा, आणि पेपर बहुतेक वेळा कालचा असायचा.

दुपारी बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर आला. रवी कामावर होता. पंचशीला हंडा घेऊन धावली. चार जिने आणि खाली ही मोठी रांग. भीमाबाईनं दार लोटलं आणि तवा चढवला.

ओवा तडतडला. तिनं तो फडक्यात बांधला, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, जरा निवू दिला, मग पुरचुंडी बंटीच्या नाकाजवळ नेली. तव्याबाहेर सांडलेले चार दाणे गॅसवर जळत होते. त्यांचा खाट उठला. बंटीनं डोळे मिटले, तोंड वासलं आणि एवढ्याशा देहाला न शोभणारी शिंक दिली.

भीमाबाईच्या पायाशी काहीतरी टपकलं. तिनं वाकून पाहिलं. वाल होता. टम्म फुगलेला. त्याला मोडसुद्धा आला होता.

तिला मंगळवार आठवला. वाल निवडताना लेकरू रडू नये म्हणून मूठभर वाल तिनंच त्याच्यापुढे टाकले होते.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. खारी गावची शकू मासळीची पाटी घेऊन उंबऱ्यात, आणि तिच्यामागे कमरेवर हंडा घेतलेली पंचशीला. भीमाबाईनं वालावर पाय ठेवला. बंटी वाटीभर दूध एका दमात प्यायला आणि वर ढेकर दिला.

शकूनं पाटी खाली ठेवली. "म्हातारे, तुझ्या हाताला गुण हाय गो."

भीमाबाईनं पाय तसाच दाबून धरला. पंचशीलानं बंटीच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग सासूच्या पायाकडे. मग तिनं हंडा ओट्यावर ठेवला, ट्रंक उचलून आतल्या खोलीत नेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आई, सोमवारी मी हजर होते. पोर तुमच्याकडे."

शकूच्या तोंडात तीळ भिजत नसे. आठ दिवसांत खारी गावापासून स्टेशनापर्यंत ओव्याची कीर्ती गेली. तिसऱ्या मजल्यावरची हंसाबेन पहिली आली, मग रांगच लागली. भीमाबाई कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त ओवा तापवण्याआधी ती पोराला गॅलरीत नेऊन उजेडात धरायची आणि दोन्ही नाकपुड्यांत निरखून बघायची. बायकांना वाटायचं, म्हातारी मनात काही पुटपुटते आहे. तसं बघताना एकदा हंसाबेनच्या नातवाच्या नाकात शर्टाचं बटण दिसलं.

एक गोष्ट मात्र बदलली. घरात बिरडं होईनासं झालं. मंगळवारी मूग, नाहीतर मटकी. सुनेला अखेर आपल्या तोंडाची चव कळली, असं समजून भीमाबाई सुखावली.

पुढे शकूनं पाटी सुनेच्या डोक्यावर दिली. ओव्याची गोष्ट सांगायचं काम मात्र स्वतःकडेच ठेवलं, आजही सांगते. रवी निवृत्त झाला आणि आता त्याच दिवसाचा पेपर वाचतो. बंटीनं मीरा रोडला औषधांचं दुकान टाकलं. नाकाचे थेंब मागायला येणाऱ्याला तो ओवाही सुचवतो. पंचशीला टेलिफोन खात्यात सुपरवायझर झाली.

भीमाबाई २००४ च्या थंडीत गेली. जायच्या आठवडाभर आधी तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि तेरा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. मूठभर वाल, ती शिंक, पायाखाली दाबलेला तो मोड आलेला दाणा.

पंचशीला तिचे पाय चेपत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मग आई, इतकी वर्षं या घरात वाल कशामुळे शिजला नाही, असं वाटलं तुम्हाला?"