वेशीवरच्या थापा

प्लेगच्या साली तापीकाठच्या त्या गावाने वेशीचं दार लावून घेतलं आणि राखणीला नवल पाटलाला बसवलं. भर दुपारी कोरीटला दिलेली त्याची धाकटी बहीण तापाने फणफणत आली आणि दारावर थापा मारू लागली.

"भाऊ, दार उघाड. मी शे, गजरा."

"गावना हुकूम शे, बाई," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

गावात अडकलेला जर्मन पाद्री धावत आला. "उघडा, नवलराव! आमच्याकडे पूर्वी एका सरदाराचं चिमुकलं संस्थान होतं, तटबंदीची तीनच गावं. महामारी आली तेव्हा त्याने तिन्ही वेशी बंद केल्या. बाहेरची माणसं दार ठोठावता ठोठावता मेली. मग तेच ठोठावणं आतल्या घराघरांतून ऐकू येऊ लागलं. वर्षभरात तिन्ही गावं ओस पडली."

"घरात काय व्हतं?"

"ते सांगायला कुणी उरलं नाही."

नवलने अडसराला हात घातला, पण गावकऱ्यांनी त्याला मागे ओढलं. तेवढ्यात थापा थांबल्या. त्याने फटीतून पाहिलं, तर गजरा उंबऱ्याशी डोळे उघडे टाकून पडली होती.

ऊर बडवत तो घरी आला. बायको पोरांना पोटाशी धरून अंगणात उभी होती. ती नुसती धान्याच्या कोठीकडे बघत होती. कोठीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि दार आतून हादरत होतं.

"भाऊ," आतून आवाज आला, "आते तरी उघाड."