खिडकीचे गज

“मास्तर, ह्ये गज चुकल्यात.”

सरुबाईंच्या मांडीवर रेल्वेचा हातभर लांब डबा होता आणि त्यांचं नख त्याच्या खिडकीवरच्या बारीक तारांवरून फिरत होतं. काचबिंदूनं नजर जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. नातसून प्राची त्यांना हाताला धरून घेऊन आली होती. शेजारच्या मास्तरांनी बारामतीची छोटी गाडी केलीय हे कानावर आल्यापासून आजींनी तिच्यामागं टुमणंच लावलं होतं.

अजित मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घरात भिंतभर फळ्यांवर प्रवासी डबेच डबे. काही विकत घेतलेले, काही स्वतः केलेले. डबा कुठल्या मार्गावरचा, कोणत्या काळातला, हे प्रत्येकाखाली लिहिलेलं. दौंड-बारामतीच्या, अरुंद रुळांवरून धावणाऱ्या जुन्या छोट्या गाडीचा डबा मात्र कुठं विकत मिळत नव्हता, म्हणून गेले नऊ महिने ते तो हातानं करत होते. रविवारी तो पुण्यातल्या प्रदर्शनात मांडायचा होता. एरवी ते कुणाला डब्यांना हात लावू देत नसत. आज दिला, कारण आजी आणखी कशानं बघणार?

“चुकलेत म्हणजे कसे, आजी?”

“उभं घातल्यात तुमी. आडवं व्हतं.”

“माझ्याकडं एक फोटो आहे. पण तो लांबनं काढलेला. त्यात खिडक्या नुसत्या काळ्या दिसतात. दुसऱ्या एका छोट्या गाडीचे गज उभे होते, त्यावरनं हे केले.”

“मग उभं त्या दुसऱ्या गाडीचं आसतील.”

“आजी, किती वर्षं झाली त्याला,” प्राची म्हणाली. “एवढं कुठलं नीट आठवतंय?”

सरुबाईंनी डबा प्राचीच्या हातात दिला.

“माजं म्हायेर काटफळचं. सासरी निरवांगीला निघालं की आई टेसनावर यायची. बारामतीपतूर गाडी, फुडं बैलगाडी. मी खिडकीत बसलेली, ती खाली हुबी. गाडी हलायच्या आदी ती गजातनं हात आत घालायची आन् माजी हनुवटी तळहातावर घ्यायची. दर बारीला. गज उभं आसतं, तर तिचा हात आसा आला आसता का?”

त्यांनी तळहात उताणा करून पुढं धरला.

मास्तर उठून बाहेर ओट्यावर गेले आणि खोलीच्या खिडकीतून त्यांनी हात आत घातला. त्या खिडकीचे गज उभे होते. अंगठा वर ठेवला तर हात आत येत होता. उताणा करायला गेले, तर मनगट अडकलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं.

“होतोय का गं उताणा?”

“नाही होत, काका.”

मास्तर आत आले. टेबलावरच्या दोन पोलादी पट्ट्या त्यांनी प्राचीला दिल्या. डबा बाजूला ठेवून तिनं त्या एकीवर एक, मध्ये चार बोटं जागा सोडून, आजींच्या तोंडासमोर आडव्या धरल्या. मास्तर गुडघे टेकून खाली बसले. फलाटावरचं माणूस खिडकीपेक्षा जेवढं खाली असेल, तेवढे. मग तळहात उताणा करून त्यांनी पट्ट्यांमधून पुढं नेला. तो कुठंही न अडता गेला. हनुवटीपाशी येऊन मात्र ते थांबले. पुढं काय करावं त्यांना कळेना.

सरुबाईंनी आपण होऊन त्यावर हनुवटी टेकली.

प्राचीनं पट्ट्या तशाच धरून ठेवल्या.

“व्हय,” आजी म्हणाल्या. “आसाच.” मग हनुवटी न उचलता, “तुमच्या हाताला रंगाचा वास येतोय. तिच्या हाताला लसणाचा यायचा.”

संध्याकाळी मास्तरांनी पुण्याला संभाजीरावांना फोन केला. प्रदर्शनाचं सगळं तेच बघत होते.

“आडवे?” संभाजीराव म्हणाले. “पुरावा काय?”

“पुरावा माझ्या शेजारी राहतो.”

“कागद आहे का काही?”

“कागद नाही.”

“मग राहू द्या ना उभेच. लोक नावं ठेवतील, मास्तर. नऊ महिन्यांची मेहनत आहे तुमची.”

“ठेवू देत,” मास्तर म्हणाले.

त्यांना चार दिवस लागले. चौदा खिडक्यांच्या तारा चिमट्यानं एकेक करून काढल्या. दोन चौकटी तुटल्या, त्या नव्यानं केल्या. रंगाचे टवके उडाले तिथं पुन्हा रंग दिला. शनिवारी दुपारी शेवटची तार बसली. रंग वाळल्याची खात्री करून त्यांनी डबा उचलला आणि शेजारी नेला.

सरुबाई पडवीत कॉटवर बसल्या होत्या. मास्तरांनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं नख पहिल्या खिडकीवर गेलं. मग दुसरीवर. एकही न सोडता त्या शेवटच्या खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथंच त्यांचं बोट थांबलं.

“मास्तर, गाडी कवा सुटायची?”

मास्तर ‘उद्या सकाळी, पुण्याला’ म्हणणार होते.

“तुमी म्हणाल तवा,” ते म्हणाले.

सरुबाईंनी डबा मांडीवर नीट जवळ घेतला. बोट मात्र शेवटच्या खिडकीवरच राहू दिलं.