न ऐकलेलं गाणं

रागिब तीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या रेडिओवर रोज दुपारी एक नवं गाणं लावायचा. कुठूनकुठून शोधून आणायचा. कुणीतरी ते पहिल्यांदा ऐकतंय, एवढ्यावरच त्याचा जीव.

पण गेला महिनाभर, गाणं सुरू झालं की हज करून आलेल्या म्हाताऱ्या श्रोत्या हज्जा इन्शिराहचा फोन आलाच. "ऐकलंय, लेका. तूच लावलं होतंस." आणि पुढचं कडवं ती अचूक गुणगुणायची.

"अहो हज्जा, टेपचं पाकीट आत्ता फोडलं मी!"

"असेल. जेवलास का?"

वैतागून आज त्यानं अन्फूशीच्या किनाऱ्यावर फौकिया कोळणीला गाठलं. तिनं तिथल्या तिथे रचलेलं गाणं टेप केलं आणि चारला लावलं. फोन वाजलाच.

"ऐकलंय म्हणालात तर बघा!" तो खेकसला.

ती बराच वेळ ऐकत राहिली. "नाही रे बाळा. हे नाही ऐकलेलं."

"सुटलो एकदाचा!"

"तुझं एकही गाणं मी चुकवलं नाही, अगदी शेवटच्यापर्यंत," ती म्हणाली. "हे तू कधी लावलंच नाहीस."

समोर टेप फिरत होती. प्रक्षेपणाचा लाल दिवा लागलेला होता. कानांत फौकिया गात होती.

काचेपलीकडून तंत्रज्ञ नेस्मानं विचारलं, "उस्ताद, चार वाजून गेले, रेडिओवर काहीच जात नाहीये. गाणं कधी लावताय?"