दुसरा ब्रेक

"आधी बाबांच्या गळ्यात घालू या का?" प्राणी दाखवणाऱ्या ताईंनी अजगर दोन्ही हातांवर पेलत विचारलं, आणि वाढदिवसासाठी प्राण्यांच्या पार्कात जमलेल्या पोरींनी एकच गलका केला.

मास्तर छाती काढून पुढे झाले. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ते. लटपटत्या पायांच्या माणसांना गाडी शिकवण्यात निम्मी हयात गेलेली. "घाबरायचं काय त्यात? दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. घरीही तेच. आज नऊ वर्षांची झालेली त्यांची बबडी सकाळी बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, तो अजगर चावणार नाही ना रे?" तेव्हाही त्यांनी तेच ऐकवलं होतं.

आतापर्यंत सगळं झकास चाललं होतं. कासवाला पालाबिला भरवून झाला. भल्यामोठ्या रंगीत पोपटाने एकीची कागदी टोपी पळवली. हिरव्यागार इग्वाना सरड्याला मास्तरांनी "काय पाहुणे, लायसन्स काढलंय का?" असं विचारलं, तेव्हा मैत्रिणींना घेऊन आलेल्या एकीच्या आईलाही हसू आवरेना. गडी नुसता रंगात आला होता.

"आणा इकडे," मास्तर म्हणाले. "असले दहा घालीन गळ्यात."

ताईंनी अजगर पुढे केला. तो बिचारा अर्धवट झोपेत. त्याने मान उचलली, जीभ बाहेर काढली आणि मास्तरांच्या हनुवटीपाशी तोंड आणलं. एवढंच.

पुढचं कसं झालं ते मास्तरांना कळलंच नाही. कळलं तेव्हा ते दोन पावलं मागे होते आणि त्यांच्यापुढे बबडी होती. तिचे दोन्ही खांदे त्यांच्या मुठीत, अजगराचं तोंड तिच्या नाकासमोर. पावसात छत्री धरावी तशी त्यांनी पोर ओढून स्वतःपुढे धरली होती.

गलका थांबला.

"अहो!" ताईंनी अजगर झटकन मागे घेतला. "सोडा आधी तिला. खांदे दुखतील पोरीचे."

मास्तरांनी हात काढले. मैत्रिणीची आई केकच्या टेबलाकडे वळली आणि नीट मांडलेल्या प्लेटा पुन्हा मांडायला लागली. मास्तरांची कानशिलं तापली. बाईंनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

"काका घाबरले!" एक मैत्रीण फिसकन हसली. "बबडीला पुढे केलं!"

"काही नाही हं," बबडी म्हणाली. "मीच बाबाला सांगितलं होतं, पहिला नंबर माझा म्हणून. वाढदिवस माझा आहे ना."

असलं काहीही ती बोललेली नव्हती. उलट गाडीतून उतरताना म्हणाली होती, अजगराचं शेवटी बघू, जमलं तर. मास्तरांना ते चांगलं आठवत होतं. 'नाही, मीच घाबरलो' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते अगदी जिभेच्या टोकावर आलंही. पण सगळ्या पोरी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"हो तर!" मास्तर हसले. "ऑर्डरच होती मॅडमची."

म्हणाले आणि त्यांना स्वतःची किळस आली.

आता बोललेलं करून दाखवणं बबडीला भाग होतं. तिने डोळे घट्ट मिटले आणि मान खाली घातली. ताईंनी हलकेच अजगर तिच्या खांद्यांवर ठेवला, नेमका मघाशी मास्तरांची बोटं रुतली होती तिथेच. पोरीचे गुडघे लटपटत होते. मास्तरांना ते लांबून दिसलं. रोज तेच तर बघायचं त्यांचं काम. टाळ्या बाकीच्यांनी वाजवल्या.

केकचा पहिला तुकडा बबडीने त्यांनाच भरवला.

मैत्रिणी आपापल्या वाटेने गेल्या आणि बापलेक गाडीपाशी आले. गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच. चालवणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक, शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी दुसरा. त्या शेजारच्या सीटवर बसायची बबडीला सक्त मनाई होती. आज ती सरळ तिथेच जाऊन बसली, आणि 'मागे जा' म्हणायला मास्तरांना तोंड उरलं नव्हतं.

"बबडे," स्टिअरिंगकडे बघत ते म्हणाले, "मघाशी मी..."

"माहितीये," ती म्हणाली. "आईला नाही सांगणार मी."

मास्तरांनी किल्ली फिरवली. गिअर टाकला. पाय क्लचवरून सटकला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली, पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसाची पडते तशी. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.

बबडीने एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग ती घसरत घसरत सीटच्या अगदी कडेला आली आणि बुटाचं टोक खालच्या पेडलला टेकेपर्यंत तिने पाय ताणला.

"घाबरू नकोस, बाबा," ती म्हणाली. "दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे."