द्वारकाच्या पावलांवरून

परवाना घेऊन गावाची पारध हरणांमागे निघाली होती. सगळ्यांत पुढे द्वारका, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून. ह्याच रानात गोचीड चावून तिचा नवरा तापानं मेला, तेव्हापासून गावाला ती अपशकुनी. आता मात्र ह्याच शूर बंदूकवाल्यांना ती पुढे हवी होती, कारण नव्या लशीनं तिचं रक्त गोचिडांना विष झालं होतं. तिला चावला की गोचीड मेला, आणि मागच्यांची वाट साफ. लस बाकी कुणी घेतली नाही. रक्त बाटलं तर देव शिकार देत नाही म्हणे.

म्होरक्या तातू तेवढा बाजूच्या करवंदीतून चालला होता. विधवेच्या पावलावर पाऊल कोण ठेवणार?

ओढ्यापाशी द्वारकानं मोजे झटकले. मेलेले गोचीड खसखशीसारखे सांडले. तातू मान खाजवत होता.

"वाका भावजी." तिनं चिमट्यानं त्याच्या मानेतून गोचीड ओढला. गोचीड अजून जिवंत, वळवळत होता.

तातूनं मानेवर हात दाबला. "आता गो?"

"आता दवाखाना. ताप आला तर लपवू नका. बंदूक इकडे द्या."

त्यानं दिली.

"आणि करवंदीतून नको. मी आले त्या वाटेनं, माझ्याच पावलांवरून जा."

तातू खाली बघत, तिचं एकेक पाऊल शोधत परत निघाला. द्वारकानं बंदूक खांद्याला अडकवली आणि पारध तिच्यामागे ओढा उतरली.